गोव्यात घरचा वीज आणि गॅसचा खर्च आटोक्यात कसा ठेवता? आपापले अनुभव लिहा

माझी धाकटी बहीण इंग्लंडमध्ये राहते. करार संपत आला की ती निरनिराळ्या कंपन्यांचे वीज आणि गॅसचे दर समोर ठेवून बसते आणि जी स्वस्त पडेल तिच्याकडे जोडणी वळवते. तिथे जानेवारी २०१९ पासून ऑफजेम ही नियामक संस्था दरांवर कमाल मर्यादाही घालते. मागच्या चतुर्थीला ती माशेलच्या घरी आली होती. नेवऱ्या तळता तळता तिने विचारले, "दादा, तुमच्याकडे सर्वांत स्वस्त योजना कोणाची?" मी म्हटले, "आमच्याकडे निवड कुठे आहे?" गोव्यात घरात येणारी वीज एकट्या सरकारी खात्याची, तिचे दर संयुक्त वीज नियामक आयोग ठरवतो, आणि घरगुती सिलिंडर तिन्ही सरकारी तेल कंपन्यांपैकी कोणाचाही घेतला तरी एका गावात किंमत तीच.

नंतर वर्षभराची बिले काढून बसलो, तेव्हा माझे उत्तर अपुरे होते हे कळले. घरगुती विजेचे आपल्याकडे पाच टप्पे आहेत: १०० युनिटपर्यंत, मग २००, ३००, ४०० पर्यंत आणि त्यापुढचा. प्रत्येक टप्प्याचा दर आधीच्यापेक्षा चढा. एक समज मी अनेकांकडून ऐकला आहे की ४०१ वे युनिट जळले की सगळीच युनिटे वरच्या दराने लागतात. तसे नाही, त्या टप्प्यात शिरलेल्या युनिटांनाच तो दर लागतो. आमचे जानेवारीचे बिल २१० युनिटांचे होते आणि मे महिन्याचे ४३८ युनिटांचे. म्हणजे मे महिन्यातली शेवटची ३८ युनिटे सर्वांत महाग, आणि जी काही बचत करू ती आधी त्यांतूनच वजा होणार.

आम्ही एसीला हात न लावता दिवसरात्र फिरणारे तीन जुने पंखे बदलले. ७५ वॅटचा पंखा रोज १५ तास चालला तर महिन्याला ३४ युनिटांच्या आसपास घेतो. २८ वॅटचा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा तेवढ्याच वेळात १२ ते १३. पुढच्या मे महिन्यात बिल ३७२ युनिटांवर आले. आपण काय केले, कशाचा उपयोग झाला आणि कशाचा झाला नाही, हे कृपया आकड्यांसह लिहावे.

मडगावहून

मी शिक्षिका आहे आणि घरात स्वयंपाक मीच करते, त्यामुळे माझा प्रश्न सरळ होता: गॅस स्वस्त की इंडक्शन? सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो आणि त्यातली उष्णता विजेच्या भाषेत साधारण १८० युनिट भरते. चांगल्या शेगडीवर त्यातला दोन तृतीयांशच भाग भांड्यात उतरतो, बाकीचा बाजूने उडून जातो. इंडक्शनवर मात्र सुमारे ८५ टक्के उतरतो. हा हिशेब मांडला की एका सिलिंडरचे काम इंडक्शनवर साधारण १४० युनिटांत होते. म्हणून मी सिलिंडरच्या किमतीला १४० ने भागते. येणारा आकडा आपल्या शेवटच्या युनिटाच्या दरापेक्षा जास्त असेल तर इंडक्शन परवडते, कमी असेल तर गॅस. वीज शुल्क आणि इंधन खर्चाचा अधिभार त्या दरात धरायला विसरू नये.

बिलाच्या रकमेला युनिटांनी भागून निघणारी सरासरी या कामाला चालत नाही, कारण इंडक्शनची वीज नेहमी वरच्या टप्प्यात जाऊन बसते. आमच्या घरी डिसेंबर ते फेब्रुवारी पंखे कमी चालतात आणि वापर १८० युनिटांच्या आत राहतो, तेव्हा मी भात, डाळ आणि चहा इंडक्शनवर करते. एप्रिल उजाडला की परत गॅस. सासूबाईंना सुरुवातीला हे पटत नव्हते. त्यांचे म्हणणे, बिडाच्या काहिलीतले पोळे शेगडीवरच सुटते. ते खरेच आहे, आणि भाकरीही फुलवायला ज्योत लागते. ते दोन पदार्थ आम्ही बाराही महिने गॅसवरच ठेवले. पूर्वी सिलिंडर ३४ दिवस जात असे, थंडीच्या महिन्यांत आता ५० च्या पुढे जातो.

बांदोड्याहून

आमचे अनुभवकथन थोडे निराळे आहे, कारण आमची बचत वाटणीतून झाली. वडिलोपार्जित घर एक, मीटर एक आणि चुली तीन, अशी आमची व्यवस्था पंधरा वर्षे चालली. तिघा भावांचा मिळून वापर महिन्याला ७०० युनिटांच्या घरात जायचा, म्हणजे ३०० हून अधिक युनिटे शेवटच्या टप्प्यात. बिलाचे तीन समान भाग करायचो; धाकट्याच्या खोलीत एसी आला आणि दर महिन्याला कुरबुर सुरू झाली. आईच्या देखत हा विषय निघू नये म्हणून मीच काही महिने जास्तीचे पैसे भरले.

२०२१ मध्ये रीतसर वाटणी झाली. पंचायतीकडून स्वतंत्र घर क्रमांक मिळाल्यावर आणि प्रत्येक बिऱ्हाडाची वायरिंग वेगळी करून घेतल्यावर तीन मीटर बसले. आता माझे बिल २२० ते २४० युनिटांचे असते. स्थिर आकार तीन जोडण्यांवर तीनदा लागतो हे खरे, पण प्रत्येकाला खालचे दोन स्वस्त टप्पे पूर्ण मिळाल्यामुळे तिघांची बेरीज पूर्वीच्या एका बिलापेक्षा स्पष्टपणे कमी भरते. ज्यांची बिऱ्हाडे खरोखर वेगळी आहेत त्यांनी हा खर्च टाळू नये. एकाच बिऱ्हाडात टप्पे वाचवण्यासाठी दोन मीटर मागू नयेत. ते नियमातही बसत नाही आणि मला योग्यही वाटत नाही.

ताळगावहून

आमच्या इमारतीत नळाचा गॅस आला आहे. उत्तर गोव्यात हे काम गोवा नॅचरल गॅस करते, दक्षिणेत इंडियनऑइल अदानी गॅस. दर घनमीटरचा असल्यामुळे सिलिंडरशी तुलना कशी करावी हे कोणालाच कळत नव्हते. एका सिलिंडरची उष्णता सुमारे १७ ते १८ घनमीटर नैसर्गिक वायूइतकी असते, म्हणून घनमीटरचा दर १८ ने गुणावा आणि सिलिंडरच्या किमतीशेजारी ठेवावा. आम्ही दोघेच असल्यामुळे दोन महिन्यांत आमचा वापर १४ घनमीटर होतो. इतक्या कमी वापराला बिलातले किमान शुल्क आणि भाडे जाणवते. सहा माणसांच्या घरात हाच गॅस नक्की परवडेल. आमच्या वयाला सिलिंडर ओढावा लागत नाही, हे मात्र मी पैशांत मोजू शकत नाही.

वास्कोहून

पती जहाजावर असतात. मुलाच्या परीक्षेमुळे मी चार महिने बेळगावला होते आणि फ्लॅटला कुलूप होते. परतल्यावर साचलेल्या वापराचे एकच बिल आले, ४६० युनिटांचे, आणि मला वाटले की शेवटचा टप्पा लागला. बिल शांतपणे वाचल्यावर दिसले की युनिटे चार महिन्यांत विभागून मग टप्पे लावले होते, म्हणजे महिन्याला ११५. असे एकत्र बिल आले तर कालावधीची तारीख आधी पाहावी. ४६० युनिटे मात्र खरी होती: मी फ्रिज चालू ठेवून गेले होते. आता लांब जाताना तो रिकामा करून, पुसून, दार किंचित उघडे ठेवून बंद करते.

पेडण्याहून

एका गावात गॅसची किंमत एकच असली तरी दारात आपण किती देतो, हे वेगळे असू शकते. घरपोच आणण्याचे शुल्क पावतीतल्या किमतीतच धरलेले असते. आमच्याकडे सिलिंडर पोचवणारा प्रत्येक वेळी ४० रुपये वर घेत असे आणि आम्ही ते वर्षानुवर्षे देत आलो. एकदा पावतीवरची नेमकी रक्कम सुट्या पैशांत मोजून दिली, तेव्हापासून मागणे थांबले. वजनही करून घ्यावे: सिलिंडरच्या कड्यावर रिकाम्या टाकीचे वजन लिहिलेले असते, त्यात १४.२ मिळवून काट्यावर तेवढे भरले पाहिजे. गोदामातून स्वतः आणल्यास घरपोच शुल्काची सूट मिळते.

अंघोळीचे पाणी आमच्याकडे अजून मागच्या पडवीतल्या तांब्याच्या भाणात तापते, सोडणांवर (नारळाच्या सालांवर) आणि चुडतांवर (वाळक्या झावळ्यांवर). नारळाची बाग आहे तोवर गीझर घेणार नाही.

डिचोलीहून

छपरावर सौर पॅनेल बसवून आम्हाला एक वर्ष झाले. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्याला १८,००० असे जास्तीत जास्त ७८,००० रुपयांचे अनुदान आहे. तीन किलोवॅट घ्यावे, असे सगळ्यांनी सांगितले. मी दोनच घेतले. आमचा वापर महिन्याला सरासरी ३१० युनिटांचा आहे, आणि उघाडीच्या दिवसांत एक किलोवॅट रोज साधारण चार युनिट देतो. दोन किलोवॅटने वरचे महाग टप्पे पुसले जातात. तिसऱ्याने फक्त सर्वांत स्वस्त युनिटे वाचली असती, आणि त्यासाठी शेजाऱ्यांचा माड आड येणारी जागाच उरली होती. जुलैमध्ये पॅनेलांनी निम्म्याहूनही कमी वीज दिली, पण त्या महिन्यात पंखेही कमी चालले.

एक माहिती नोंदवून ठेवतो. केंद्राच्या २०२३ च्या सुधारित नियमांत स्मार्ट मीटर असलेल्या घरांसाठी वेळेनुसार दराची तरतूद आहे आणि त्यात दिवसाच्या सौर तासांचा दर नेहमीच्या दरापेक्षा किमान २० टक्के कमी असावा असे म्हटले आहे. आमच्या विहिरीचा पंप आणि धुलाई यंत्र आम्ही आतापासूनच अकरा ते दोनच्या दरम्यान चालवतो.