मदत हवी आहे : एमएनडी असलेल्या बाबांना संशोधनात भाग घ्यायचाय

नमस्कार. बाबा 61 वर्षांचे, आम्ही लालबागला राहतो. 2022 मध्ये एमएनडीचं (मोटर न्यूरॉन डिसीज, स्नायू चालवणाऱ्या चेतापेशी हळूहळू निकामी होण्याचा आजार) निदान झालं, त्यातला एएलएस हा प्रकार. रिल्युझोल हे औषध चालू आहे, रात्री बायपॅप (मास्कमधून श्वासाला मदत करणारं यंत्र) लावतो. एसओडी1 जनुकात दोष सापडला नाही, म्हणजे त्या दोषावरचं, अमेरिकेत 2023 मध्ये मंजूर झालेलं टोफरसेन हे औषध त्यांना लागू नाही.

बोलणं जवळपास गेलंय, हात चालत नाहीत, पण डोकं अगदी तल्लख. अक्षरांच्या तक्त्यावर मी बोट फिरवते, हवं ते अक्षर आलं की ते पापणी मिटतात. परवा वीस मिनिटं लावून सांगितलं, "माझा उपयोग करून घ्या." तेव्हापासून मी याच्या मागे आहे.

सीटीआरआयच्या (भारतातल्या वैद्यकीय चाचण्यांची सरकारी नोंदणी) यादीत शोधलं. एका ठिकाणी फोन लागला, पण श्वासाची क्षमता कमी आणि लक्षणांना 2 वर्षं उलटली म्हणून नकार आला. औषधाचीच चाचणी हवी असं नाही. रक्ताचा नमुना, प्रश्नावली, काहीही चालेल. पैसे घेऊन स्टेम सेलचे उपचार देणाऱ्यांची नावं मात्र कृपया नकोत, आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) 2017 च्या नियमावलीत ते बसत नाही. आमची चाळ, तिसरा मजला, लिफ्ट नाही. बाबांना खाली न्यायला चार माणसं लागतात.

बायपॅपवरच्या रुग्णालाही घेणारा, घरी येऊन नमुना नेणारा अभ्यास मुंबईत कुणाला माहीत आहे का? आणि सही जमत नसेल तर तक्त्यावरून दिलेला त्यांचा स्वतःचा होकार धरतात, की माझीच सही मागतात?