अमेरिकेतलं नवं सरकार आणि आपलं घर: अनुभव लिहा

२० जानेवारी २०२५ ला ट्रम्प यांनी दुसऱ्यांदा शपथ घेतली. तेव्हापासून टॅरिफ (परदेशी मालावरचा आयात कर), व्हिसा, सरकारी नोकरकपात यांवर आपण सगळे तावातावाने बोलतो आहोत. मत कुणाला दिलंत ते इथे नको. तुमच्या पगारात, दुकानात, घरात नेमकं काय बदललं ते लिहा. चांगलं घडलं असेल तर तेही हवंच.

ठाणे (मुलगा सिॲटलला)

मुलगा गणपतीला आला होता. सर्वपित्रीला ह्यांचं श्राद्ध करून जाईन म्हणाला, म्हणून थांबला. शनिवारी, २० सप्टेंबर २०२५ ला सकाळी कंपनीच्या वकिलाची मेल आली: एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असाल तर मुदतीच्या आत अमेरिकेत पोचा, नाहीतर एक लाख डॉलर शुल्काचा प्रश्न येईल. मुदत अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या वेळेने शनिवारी मध्यरात्रीची, म्हणजे आपल्याकडे रविवारी सकाळी साडेनऊची. तिकिटाचं पान उघडावं तर दर वाढलेला, पुन्हा उघडावं तर सीटच गेलेली. ओट्यावर वड्यांचं पीठ, खिरीचं दूध, आणि हा आतल्या खोलीत बॅग भरतोय. कसंबसं दुपारचं विमान मिळालं. तो वाटेत असतानाच खुलासा आला, की शुल्क फक्त नव्या अर्जांना आहे, ज्यांच्याकडे व्हिसा आहे त्यांना नाही. श्राद्ध धाकट्या भाऊजींनी केलं. देश त्यांचा, नियमही त्यांनीच करावेत. पण शुक्रवारी ट्रम्प यांची आदेशावर सही आणि रविवारपासून लागू? माणसं कुठे कुठे गेलेली असतात, याचा विचार कुणीच केला नाही याचा मला राग आहे.

मेरीलँड

मी एका फेडरल (केंद्र सरकारच्या) कार्यालयात कंत्राटावर आहे. खर्चाची मंजुरी संसदेत अडल्यामुळे १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर २०२५ सरकारी कामकाज बंद होतं. कायम कर्मचाऱ्यांना थकलेला पगार मिळतो. कंत्राटदारांना तशी कायद्याची हमी नाही, त्यामुळे माझा गेला तो गेलाच. घराचा हप्ता बायकोच्या पगारातून भरला. देशाचं कर्ज ३८ लाख कोटी डॉलरच्या वर गेलंय, काटकसर हवीच, हे मी आधीपासून म्हणतो. पण काम थांबवून काटकसर होत नाही. बंद काळातलं तुंबलेलं काम आता आम्हीच उपसतोय.

ह्यूस्टन

मेरीलँडवाले दादा, ज्या सबसिडीवरून तुमचं ऑफिस बंद राहिलं ती आमच्यासारख्यांची. आमचं किराणा दुकान आहे, आरोग्यविमा ओबामाकेअर या सरकारी योजनेतून घेतो. २०२१ पासूनची वाढीव सबसिडी ३१ डिसेंबर २०२५ ला संपली. २०२६ च्या हप्त्याचं पत्र आलं, तो दुपटीहून जास्त होता. नवऱ्याला मधुमेह, विमा सोडता येत नाही. विरोधी पक्षाचे डेमोक्रॅट सबसिडीसाठीच अडून बसले होते. बंद संपला, सबसिडीला मुदतवाढ काही मिळाली नाही.

त्यात भारतीय मालावर ऑगस्ट २०२५ पासून ५० टक्के कर लागला. १४ नोव्हेंबरला मसाले, चहा, कॉफी यांना सूट मिळाली तेवढाच दिलासा. तांदळावरचा कर तेव्हा तसाच राहिला. नेहमीच्या एक काकू बासमतीची पिशवी उचलतात, लेबल बघतात, परत ठेवतात आणि छोटी घेतात. मी काहीच बोलू शकत नाही, कारण मलाही ती महागच पडली आहे.

ओहायो

दुसरी बाजू लिहितो. मी पोलाद कारखान्यात देखभालीचं काम करतो. जून २०२५ मध्ये परदेशी पोलादावरचं टॅरिफ ५० टक्के झालं आणि आमच्याकडे ओव्हरटाइम सुरू झाला. यंग्सटाउन इथून जवळ आहे. तिथली मोठी पोलाद गिरणी सप्टेंबर १९७७ मध्ये एका सोमवारी बंद करत असल्याचं जाहीर झालं आणि हजारोंच्या नोकऱ्या गेल्या. म्हातारे लोक अजून त्या सोमवारबद्दल बोलतात. माझे वडील परळला गिरणीत होते. १९८२ च्या संपानंतर आमच्या चाळीचं काय झालं ते मी पाहिलंय. म्हणून 'स्वस्त माल येऊ द्या, कारखाने जाऊ द्या' हा युक्तिवाद मला पटत नाही.

पण पोलाद विकत घेऊन सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात माझा मेहुणा आहे. कच्चा माल महागला आणि त्याची एक शिफ्ट बंद झाली. त्याला मी काय सांगू? टॅरिफ असावं, असं मी अजूनही म्हणेन. मात्र ते दर दोन महिन्यांनी बदलू नये. नवी भट्टी उभारायला वर्षं लागतात, आणि पुढच्या वर्षी आकडा काय असेल हे माहीत नसताना त्यात पैसा घालायला आमचे मालकही तयार नाहीत.