पेपर इंग्रजीमुळे वापस आला, आफ्रिकेतले पोरं काय करतात?

दारव्ह्याचा_पोरगा:
दहावीपर्यंत मराठीत शिकलो, अकरावी सायन्सपासून सगळं इंग्रजी. आता कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीवर पीएचडी करून राहिलो. भर पावसात डोमकळ्या (अळी लागून न उमललेली कपाशीची फुलं) मोजल्या, कास्तकारायसंग वऱ्हाडीत बोलून फवारणीची माहिती गोळा केली, डेटा पक्का हाय. जर्नलनं पेपर वापस पाठवला, भाषा सुधारा म्हणे, डेटाबद्दल एक अक्षर नाही. आफ्रिकेतही असंच चालते म्हणतात, तिकडचं कोणाले माहीत हाय काय?

मास्तर_आर्णी:
टांझानियाचं पाहा. सरकारी प्राथमिक शाळा स्वाहिलीत, अन् माध्यमिकपासून एकदम इंग्रजी, ते थेट विद्यापीठापर्यंत. मंग मास्तर फळ्यावर इंग्रजीत लिहितो, समजावतो स्वाहिलीत, अन् पोरं परीक्षेसाठी इंग्रजी उत्तरं पाठ करतात. आपल्या अकरावीच्या वर्गात दुसरं काय होते सांगा! रवांडात तर २००८ मध्ये सरकारनं फ्रेंच सोडून इंग्रजी आणायचं ठरवलं, जे मास्तर स्वतः फ्रेंचमधी शिकले त्यायलेच इंग्रजीत शिकवा लागलं. पोरगं हुशार असूनही मागं पडते ते इथंच, याचा मले लय राग येते.

वणीकर:
राग बरोबर हाय सर, पण इंग्रजी काढून ठेवाल काय? नायजेरियात पाचशेच्या वर भाषा हायेत, विद्यापीठ कोणत्या भाषेत चालवायचं यावरच भांडणं होतील. अन् प्राध्यापकाची बढती पेपरवर, तिकडंही अन् इकडंही, त्यात मोठ्या यादीतले जर्नल बहुतेक इंग्रजीच. पण रस्ते काढणारे हायेत, दक्षिण आफ्रिकेत ऱ्होड्स विद्यापीठात ह्लेझे कुंजू यांनी २०१७ मध्ये पीएचडीचा अख्खा प्रबंध तिकडच्याच खोसा भाषेत दिला, अन् तो मान्य झाला. केनियात नैरोबीच्या विद्यापीठात तर १९६८ मध्येच लेखक न्गुगी वा थिओंगो अन् त्यायच्या दोन सहकाऱ्यांनी इंग्रजी विभागच बंद करा, आफ्रिकी साहित्य अभ्यासाच्या मधात ठेवा, अशी मागणी केली होती.

दारव्ह्याच्या भाऊ, पेपर सोडू नको. निष्कर्ष अन् चर्चा आधी मराठीत पूर्ण लिहून काढ, मंग इंग्रजी चांगली असलेल्या कोणाला तरी संग घेऊन बस. तक्ते जसेच्या तसे राहू दे.

दारव्ह्याचा_पोरगा:
मराठीत लिहायले आजच बसतो. सर, तुमच्या ओळखीत कीटकशास्त्रातलं कोणी हाय काय, जे इंग्रजी पाहून देतील? अन् डोमकळ्यायचा मराठी भाग झाला की गावच्या ग्रुपवरही टाकतो, पुढच्या हंगामाआधी कास्तकारायले वाचाले भेटला पाहिजे.