फर्स्ट इयरची पोरं दिवाळीच्या आत गळतात, त्यांना कॉलेज आपलं वाटावं म्हणून काय करता येईल?

पंचगंगा_काठ

नमस्कार मंडळी. कोल्हापुरातल्या एका कॉलेजात बी.कॉम.ला अकौंटन्सी शिकवतो, तासिका तत्त्वावर, सातवं वर्ष आहे. दरवर्षी जुलैत वर्ग गच्च भरतो, बाकं पुरत नाहीत, आणि दिवाळीची सुट्टी संपून वर्गात आलं की मागची तीन-चार बाकं मोकळी. रजिस्टरला आधी 'गैरहजर' लागतं, मग 'परीक्षेस बसले नाहीत', झालं, कागदावर विषय संपला. माझ्या डोक्यातनं मात्र ते चेहरे जात नाहीत म्हणून लिहितोय.

यंदाचं सांगतो. राधानगरीच्या पलीकडच्या एका वाडीतली मुलगी, घरात कॉलेजची पायरी चढलेली ती पहिलीच. हजेरीला "हजर" इतकं बारीक म्हणायची की मला नाव दोनदा घ्यायला लागायचं. वही मात्र बघत राहावी अशी. पट्टी नसली तर एसटीच्या पासाच्या कडेनं रेघ मारायची, पण लेजर कुठं वाकडं नाही. मधल्या सुट्टीत दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात एकटी बसून डबा खायची. मी एकदा विचारलं, कॅन्टीनमध्ये का बसत नाहीस, तर म्हणाली "सर, तिथं काय तरी विकत घ्यायला लागतंय नव्हं."

ऑगस्टमध्ये फायनल अकाउंटचं एक गणित होतं, कुणालाच जमेना. मी तिला विचारलं तर उभी राहिली आणि म्हणाली "सर, मी घरातनं सोडवून आलो." पुढच्या बाकावरची दोन-तीन पोरं फिस्सकन हसली. आता आपल्याकडं आई-आज्जीपासनं सगळ्या बायका 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतात, त्यात हसण्यासारखं काय होतं मला आजवर कळलेलं नाही. पण मी त्या वेळी काहीच बोललो नाही, तास संपत आलेला, पोर्शन मागं राहिलेला, मी पुढं गेलो. त्यानंतर तिनं एकदाही हात वर केला नाही. दसऱ्यानंतर ती आलीच नाही.

आमच्याकडं मेंटॉर-मेंटीचं रजिस्टर आहे, स्वागत समारंभ होतो, समुपदेशन कक्षाची पाटी पण आहे. सह्या सगळ्या व्यवस्थित आहेत. मला ते नको आहे. ज्यांनी खरंच पोरं टिकवलीत किंवा जी स्वतः कशीबशी टिकलीत त्यांच्याकडनं ऐकायचं आहे, की नेमकं काय केल्यानं फरक पडला?

गगनबावड्याचा

सर, मी तुमच्या त्या मागच्या बाकावरचाच. 2014 ला कोल्हापुरात आलो, रोज जाऊन येऊन करायचो, पहिली गाडी धरायची तर साडेचारला उठायला लागायचं.

पहिली गोष्ट पावसाची. कॉलेज सुरू होतं तेव्हाच आमच्याकडं भातलावण असती, घरातला एक माणूस कमी झाला तर वाफा मागं राहतो, त्यामुळं पहिले पंधरा दिवस आम्ही चिखलातच. मग पाऊस वाढला की मांडुकलीला रस्त्यावर पाणी आलं आणि गगनबावडा रोड बंद. शहरातल्या लोकांना पंचगंगा राजाराम बंधाऱ्याला 39 फुटावर इशारा आणि 43 ला धोका एवढं पेपरात वाचून माहिती असतं, आमची गाडी त्याच्या कितीतरी आधी थांबलेली असती. म्हणजे बघा, वर्गात ओळखी होतात, कोण कुणाजवळ बसायचं ठरतं, ग्रुप तयार होतात, ते सगळं ज्या दिवसांत होतं त्याच दिवसांत आम्ही तिथं नसतो. ऑगस्टच्या शेवटी येऊन बघतो तर सगळ्यांच्या जागा ठरल्यात, आणि अकौंटन्सीची तीन चॅप्टर झाल्यात. त्यात 75 टक्के हजेरीची नोटीस. मला तर वाटलं होतं की आपलं नावच काढलं असंल.

मी टिकलो ते लायब्ररीतल्या मामांमुळं. मी कॉलेजच्या 'कमवा आणि शिका' योजनेतनं तिथं लागलो, पुस्तकं लावायची, धूळ झाडायची, तासावर पैसे. पैसे फार नव्हते पण काम होतं म्हणून जायला लागायचंच, आणि गेल्यावर मामा पहिल्यांदा विचारायचे "जेवलास काय रे?" कॉलेजात मला नावानं हाक मारणारा तो पहिला माणूस. संध्याकाळची गाडी सव्वासहाला असायची तर मामा तोपर्यंत एक ट्यूबलाईट चालू ठेवायचे, नियमात ते बसत होतं का नाही मला माहिती नाही. त्या एका ट्यूबखाली मी बी.कॉम. झालो असं म्हणलं तरी चालंल.

तुम्ही काय करू शकता तर सप्टेंबरमध्ये एकदा मागचे तास परत घ्या, फक्त पावसात अडकलेल्यांसाठी, आणि ते तास चारच्या आत संपवा. आणि तो जादा तास 'कच्च्या पोरांचा' आहे असं म्हणू नका हो, आम्ही कच्ची नव्हतो, आमचा रस्ता बंद होता.

स्पष्ट_बोलतो

माझं मत थोडं वेगळं आहे, राग मानू नका. आम्ही कागलकडनं सायकलनं यायचो, आम्हाला कुणी विचारलं नाही आणि आम्ही शिकलो. आत्ताच्या पोरांच्या हातात मोबाईल आहे, नोट्स ग्रुपवर येतात, तरी येत नाहीत. प्रत्येक पोराच्या मागं पळायचं म्हणलं तर मास्तरनं शिकवायचं कधी? थोडं सोसायची सवय पण लागू दे.

गगनबावड्याचा

काका, तुमच्या सायकलीला आमचा नमस्कार आहे. पण तुमच्याबरोबर आणखी किती जण सायकलनं निघाले होते आणि त्यातले किती शेवटपर्यंत राहिले ते एकदा आठवून बघा. जे राहिले नाहीत ते इथं लिहायला येणार नाहीत.

स्पष्ट_बोलतो

आठवून बघितलं. आम्ही पाच जण होतो. शेवटच्या वर्षाला दोघं. सुटलेल्यातला एक आमच्यात सगळ्यात हुशार होता, तो पहिल्या वर्षीच सुटला, पुढं साखर कारखान्याला सीझनला लागला. तुझं म्हणणं खरं आहे, मी हे कधी असं मोजलं नव्हतं.

निवृत्त_लेखनिक

पंचगंगा_काठ सर, मी एका कॉलेजच्या ऑफिसात शिष्यवृत्तीच्या टेबलावर बरीच वर्षं काढली, म्हणून त्या बाजूचं सांगतो. पोरगं यायचं बंद झालं की शिक्षकांना वाटतं अभ्यास जमला नाही. आमच्या खिडकीवरनं वेगळं दिसायचं. निम्म्या वेळा कागद अडकलेला असायचा आणि पोरगं लाजेनं घरात बसलेलं असायचं.

कसं होतं बघा. महाडीबीटीचा, म्हणजे सरकारी शिष्यवृत्तीचा ऑनलाईन फॉर्म पोरगं गावातल्या सायबर कॅफेत भरतं. स्वतःचा मोबाईल नसतो किंवा रिचार्ज संपलेला असतो म्हणून नंबर टाकतात कॅफेवाल्याचा नाहीतर चुलत्याचा. अर्ज तपासणीत परत येतो, उत्पन्नाचा दाखला जुना आहे म्हणून किंवा नावातलं एक अक्षर आधारशी जुळत नाही म्हणून, आणि तो मेसेज जातो त्या दुसऱ्याच्या मोबाईलवर. पोराला पत्ताच नसतो. दुसरं म्हणजे आधार सीडिंग, आधार बँक खात्याला जोडणं. पैसे फॉर्मवरच्या खात्यावर जातात असं सगळ्यांना वाटतं, पण ते जातात आधार शेवटचं ज्या बँकेला जोडलं असेल तिथं. एका पोराचे पैसे आईच्या बचत गटाच्या वेळी काढलेल्या जुन्या खात्यावर जाऊन पडले होते, आणि घरात मात्र 'पैसे आले नाहीत, आता शिक्षण बंद' असं ठरलं होतं. पासबुक घेऊन बँकेत पाठवल्यावर कळलं.

मुलींचं आणखी एक. बारावीपर्यंत एसटीचा पास फुकट असतो, फर्स्ट इयरला आली की सवलतीचा असला तरी पैसे भरून काढायला लागतो. घरात दोन भावंडं शिकत असली तर त्या पासावरच पहिली कात्री चालते, आणि कात्री कुणाच्या पासावर चालते ते मी सांगायला नको.

तर सर, एवढंच करा. वर्गात विचारू नका, चारचौघांत कुणी सांगत नाही. एक-एकाला बोलवून तीन गोष्टी बघा: फॉर्मवर मोबाईल कुणाचा आहे, आधार कुठल्या बँकेला आहे, पास काढलाय का. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीला उत्पन्नाची मर्यादा 8 लाख आहे, कितीतरी खुल्या गटातली पोरं आपल्याला काहीच मिळत नाही म्हणून फॉर्मच भरत नाहीत. अनुसूचित जातीच्या पोरांना वसतिगृहात नंबर लागला नाही तर राहण्या-जेवणाच्या खर्चाला मदत देणारी स्वाधार योजना आहे. आणि ऑफिसातल्या माणसाशी दोस्ती ठेवा, खिडकीवरनं "उद्या या" म्हणणं सोपं असतं पण त्या एका 'उद्या'साठी पोराला 50 किलोमीटर परत यायला लागतं. मी पण सुरुवातीला म्हणायचो. एका बापानं हात जोडून सांगितलं, साहेब आजचा रोज बुडवून आलोय, तेव्हापासनं सोडलं.

रंकाळ्याची_लेक

मी मूळची कोल्हापूरची, सध्या न्यू जर्सीत, इथल्या एका कम्युनिटी कॉलेजात विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करायचं काम करते. आपल्याकडच्या लोकांना अमेरिका म्हणलं की मोठी विद्यापीठं आठवतात, पण ही दोन वर्षांची सरकारी कॉलेजं वेगळीच असतात, बारावी झालेल्या जवळजवळ कुणालाही प्रवेश, फी कमी, इथनं दोन वर्षं करून पुढं चार वर्षांच्या कॉलेजात जाता येतं. इथली पोरं पण घरातली पहिलीच शिकणारी असतात, रात्री दुकानात काम करून सकाळी वर्गात डुलक्या घेणारी. सर, तुमच्या जिन्यातल्या मुलीसारख्या मी इथं पण बघते, आपल्या गाडीत बसून डबा खाणाऱ्या. आता बऱ्याच कॉलेजांत फूड पँट्री असते, म्हणजे फुकट खाण्याच्या वस्तू ठेवलेली खोली, गरज असेल त्यानं यावं आणि घेऊन जावं.

शेजारी न्यूयॉर्कमध्ये 2007 ला तिथल्या कम्युनिटी कॉलेजांत एक कार्यक्रम सुरू झाला, असॅप म्हणतात त्याला. त्यात पोरांना काय दिलं? सरकारी मदत वजा जाता फीमधला उरलेला फरक, पुस्तकांना मदत, मेट्रोचा पास, आणि एक ठरलेला सल्लागार ज्याला वारंवार भेटायलाच लागतं. नंतर त्याचा नीट अभ्यास झाला, चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट करून, तर तीन वर्षांत पदवी पूर्ण करणारे कार्यक्रमात नसलेल्या गटात 22 टक्के आणि कार्यक्रमातल्या गटात 40 टक्के निघाले. मी पहिल्यांदा ते वाचलं तेव्हा त्या मेट्रोच्या पासावरच थांबले, कारण मला आमच्या वर्गातल्या पन्हाळ्याच्या मैत्रिणीचा एसटीचा पास आठवला, जो संपला आणि ती पण संपली, म्हणजे कॉलेजपुरती. निवृत्त काका म्हणतात तेच आहे हे.

आणखी एक जाता जाता. इथलं सगळ्यात जुनं सरकारी कम्युनिटी कॉलेज इलिनॉयमधल्या जोलिएटचं, 1901 चं. आणि 1901 लाच आपल्या शाहू महाराजांनी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं, त्याच वर्षी जैन बोर्डिंग, मग मुस्लिम, लिंगायत, अस्पृश्य मानलेल्या समाजातल्या मुलांसाठी मिस क्लार्क, एकामागनं एक. महाराजांनी नुसती फी माफ केली असती तर खेड्यातलं पोरगं शहरात येऊन राहिलं कुठं असतं, जेवलं कुठं असतं? दसरा चौकातनं शाळेला जाताना त्या इमारती मी रोज बघायचे आणि माझ्या कधी डोक्यात आलं नाही की हे सगळं त्या जिन्यातल्या डब्यासाठीच केलेलं आहे.

सर, माझ्या कामातनं शिकलेलं एवढंच सांगते. ती यायची बंद झाल्यावर तीन आठवड्यांनी पत्र पाठवून उपयोग होत नाही. दुसऱ्या दिवशी फोन करायचा. "का आली नाहीस" असं विचारायचं नाही, "काल तू दिसली नाहीस, बरी आहेस ना" एवढंच. आणि हसण्याबद्दल, वर्गात बोलायचं राहिलं असलं तरी अजून बोलता येतं, तिच्यासमोर पण आणि त्या पोरांसमोर पण.

पंचगंगा_काठ

सगळ्यांचं दोन-तीनदा वाचलं. लेक ताई, तुमचं शेवटचं वाचून काल संध्याकाळी ऑफिसातनं नंबर काढून फोन केला. फॉर्मवरचा नंबर खरंच तिचा नव्हता निवृत्त काका, गावातल्या दुकानदाराचा निघाला. त्यांनी तिच्या वडिलांना बोलावून आणलं. वडील म्हणाले भातकापणी चालू आहे, आणि पोरगी म्हणती मला जमत नाही, मग मी पण जोर केला नाही. मी म्हणलं तिला फोन द्या.

ती फोनवर आली पण बोलेना. मी सांगितलं की ते गणित सगळ्या वर्गात तुझं एकटीचं बरोबर होतं आणि पोरं हसली तेव्हा मी बोलायला पाहिजे होतं, ते माझं चुकलं. बराच वेळ नुसता कोंबड्यांचा आवाज येत होता. मग विचारलं, "सर, जर्नल अजून घेतात काय?"

शिष्यवृत्तीचा अर्ज तिचा परत आलेला आहे, तिला माहितीच नव्हतं. काका, दाखल्याबद्दल तुम्हाला इथंच विचारीन, उत्तर द्या. आज वर्गात मी 'आलो-गेलो' वर दहा मिनिटं बोललो, पोर्शन राहू दे म्हणलं. हसणाऱ्यातला एक जण तास झाल्यावर थांबला, म्हणाला आमची आज्जी पण असंच बोलती सर. आणि आमच्या मजल्यावरची 14 नंबरची खोली मधल्या सुट्टीत डबा खायला उघडी ठेवायची परवानगी मिळाली आहे, किल्ली माझ्याकडं दिली आहे.

सकाळी पहिलं काम म्हणजे परीक्षा विभागात जाऊन लेट फीसह फॉर्म भरता येतो का बघतो. येत असला तर गुरुवारी ती वडिलांबरोबर पहिल्या गाडीनं येणार आहे. गगनबावड्याच्या भावा, तुझ्या त्या मामांचं कळव, अजून लायब्ररीत आहेत काय?

गगनबावड्याचा

रिटायर झाले सर. दर दिवाळीला फराळ घेऊन जातो त्यांच्याकडं. अजून पहिलं "जेवलास काय" हेच विचारतात.