स्पायनलमध्ये आप्पांचा बीपी उतरला होता, आता ओळखतच नाहीत

चोपडेकर_पाटील:
आप्पा ७२ चे, केळीच्या बागेत पाय घसरून पडले, खुब्याचं हाड मोडलं. परवा जळगावला ऑपरेशन झालं, कमरेत भुलीचं इंजेक्शन (स्पायनल) देऊन. मधे बीपी ८०/५० झाला होता म्हणे, औषध देऊन वर आणला. काल दिवसा चांगले बोलत होते आणि रात्रीपासून सलाईन उपटायला बघतात, "मना बैल कोठे शे, माले घर ली चाला" चालूये, बैल विकून १५ वर्षं झाली आमचे. किडनीचं क्रिएटिनिन पण १.१ चं १.६ झालंय. बीपीमुळे मेंदूला मार बसला का? आई सारखी रडतेय.

ओटीवाला_धुळे:
भाऊ मी डॉक्टर नाही, ओटी टेक्निशियन आहे. स्पायनल दिलं की खालच्या रक्तवाहिन्या सैल पडतात, रक्त तिकडेच साचतं, बीपी पडतोच, त्यात आपल्याकडचं ऊन आणि वरून उपाशीपोटी ठेवलेला पेशंट. ८०/५० म्हणजे मीन प्रेशर, सरासरी दाब, ६० च्या आसपास. आम्ही ६५ च्या खाली जाऊ देत नाही, कारण तिथे जास्त वेळ राहिलं तर किडनी आणि हार्टला धोका वाढतो. म्हणून किती उतरला यापेक्षा किती मिनिटं उतरलेला होता ते विचारा, भुलीच्या चार्टवर दर ५ मिनिटांचं रीडिंग असतं. आणि त्या दिवशी सकाळी बीपीची गोळी दिली होती का? टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल वगैरे बहुतेक वेळा आदल्या दिवसापासूनच बंद ठेवतात, नाहीतर बीपी जास्त पडतो आणि लवकर वर येत नाही.

भुसावळची_ताई:
दादा घाबरू नका, माझ्या सासूबाईंचं पण खुब्याच्या ऑपरेशननंतर असंच झालेलं, रात्री भांडायच्या आणि सकाळी काही आठवायचं नाही. डॉक्टर डिलिरियम म्हणाले, म्हणजे तात्पुरता भ्रम, म्हाताऱ्या माणसांत खूप होतं आणि एकट्या बीपीमुळेच होतं असं नाही, दुखणं, झोप नाही, लघवी तुंबणं, सोडियम कमी, इन्फेक्शन, काहीही. त्यांना आठवडा लागला, काहींना जास्तही लागतो. चष्मा आणि कानाचं मशीन लावून द्या, ओळखीचं माणूस जवळ ठेवा. पण तोंड वाकडं झालं, एक हात उचलेना किंवा जीभ जड झाली तर लगेच सिस्टरला बोलवा, तो वेगळा प्रकार. क्रिएटिनिन वाढलंय तर दुखण्याचं कुठलं इंजेक्शन चालूये ते पण विचारा, काही किडनीला चालत नाहीत.

चोपडेकर_पाटील:
चार्ट दाखवला त्यांनी, दोनच रीडिंग खाली होते. दुखण्याचं डायक्लोफेनॅक बंद केलं, लघवी मोजतायत, सोडियम पाठवलंय. गोळीचं खरं निघालं, आईने पहाटे घोटभर पाण्याबरोबर टेल्मिसार्टन दिली होती आणि सिस्टरने विचारलं तेव्हा घाबरून नाही म्हणाली. आता त्यावरून वेगळी रडतेय. चष्मा पिशवीतच राहिला होता, घातल्यावर माझ्याकडे बघून म्हणाले, उना का रे तू (आलास का). बैलांचं मात्र अजून चालूच आहे.