'इमर्शन'ला मराठीत काय म्हणावं? सोबत स्पॅनिशमधल्या काही अडचणी

गोकुळपेठकर : बारावीनंतर वर्षभर बाहेर राहून स्पॅनिश शिकायला जाणाऱ्या मुलांसाठी मराठीत माहितीपत्रक करायचं आहे. भाषांतराच्या यंत्राने 'इमर्शन प्रोग्राम'चं, म्हणजे ती भाषा बोलणाऱ्यांतच राहून शिकण्याचं, 'भाषा विसर्जन कार्यक्रम' करून दिलं. विसर्जन म्हटलं की आपल्याला गणपती आणि फुटाळा तलाव दिसतो. दुसरा शब्द सुचवा, 'गॅप इयर'लाही. आणि मराठी मुलांना नेमकं कुठे अडतं तेही लिहा जी, पत्रकात घालता येईल.

महालवाले : विसर्जन नकोच, त्यात सोडून देण्याचा अर्थ आहे. 'निमज्जन'चा कल बुडण्याकडे. 'अवगाहन' बरोबर बसतो. पाण्यात उतरून स्नान करणं आणि विषयात खोल शिरणं, असे त्याचे दोन्ही अर्थ संस्कृतातूनच आले आहेत. फक्त बारावीच्या पोराला तो पहिल्या वाचनात कळायचा नाही. शीर्षकात 'भाषा-अवगाहन' ठेवा आणि लगेच खाली 'स्पॅनिश बोलणाऱ्या घरात राहून, स्पॅनिशमध्येच वावरून शिकणे' असं साधं लिहा.

सदरकर : 'मुरणे' का नको? भाषेत मुरला, असं आपण बोलतोच की.

महालवाले : मुरणं हे फळ झालं, पद्धत नव्हे. लोणचं बरणीत आपोआप मुरतं, पोरगं परदेशात आपोआप मुरत नाही. इंग्रजी बोलणाऱ्या चार मित्रांसोबत खोली घेतली तर वर्ष संपतं आणि हाती 'ओला' (नमस्कार) नि 'ग्रासियास' (धन्यवाद) उरतं. म्हणून क्रियापद 'वावरणे' घ्या.

धंतोलीकर : वावरण्याचा हिशोब पत्रकात आकड्यांत द्या. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था इंग्रजी मातृभाषेच्या अधिकाऱ्यांना कामापुरती स्पॅनिश यायला 600 ते 750 तासांचे वर्ग लागतात असं धरत आली आहे, घरचा अभ्यास वेगळा. ग्वाटेमालातल्या अँटिग्वाच्या शाळांत बहुधा एकास एक शिकवतात, रोज 4 तास, आठवड्याचे 5 दिवस. म्हणजे आठवड्याला 20 तास आणि एकूण 30 ते 38 आठवडे. 'सहा आठवड्यांत अस्खलित' असं कोणी छापलं असेल तर ते पत्रक बाजूला ठेवायचं.

शून्यावरून विमानात बसू नये. जाण्याआधी वर्तमान, भूत आणि 'मी जाणार' एवढे काळ वापरता आले पाहिजेत. नाहीतर पहिले दोन महिने यजमान घरी नुसतं 'सी, सी' (हो, हो) करण्यात जातात, आणि घरचे दमून इंग्रजीवर येतात. निघण्यापूर्वी चार वाक्यं तोंडपाठ हवीत : 'मास देस्पासियो, पोर फावोर' (जरा हळू बोला), 'कोमो से दिसे' (याला काय म्हणतात), 'के किएरे देसिर' (याचा अर्थ काय) आणि 'कोर्रीहामे, पोर फावोर' (माझं चुकलं तर सांगा). चौथं सगळ्यांत महत्त्वाचं. तोंडावर चूक दाखवणं कोणत्याही यजमानाला अवघड जातं, त्यामुळे न सांगितलेली चूक सहा महिन्यांत पक्की बसते.

घर ठरवताना एकच प्रश्न विचारायचा : जेवणाच्या टेबलावर आणखी किती विदेशी विद्यार्थी असतील? दोनपेक्षा जास्त असतील तर टेबलाची भाषा इंग्रजी होणार, हे धरूनच चाला.

खामलेकर : आपल्याला फुकट मिळालेल्या गोष्टीही सांगा. 'मला आंबा आवडतो, मला आंबे आवडतात' हे स्पॅनिशमध्ये जसंच्या तसं आहे : 'मे गुस्ता एल मांगो', 'मे गुस्तान लोस मांगोस'. क्रियापद आंब्याप्रमाणे बदलतं, खाणाऱ्याप्रमाणे नाही. इंग्रजी शाळेतली मुलं मनात 'आय लाइक' म्हणतात आणि 'यो गुस्तो' करून बसतात. त्यांना म्हणावं, आधी मराठीत विचार कर. भूक मात्र आपल्यासारखी 'लागत' नाही. तिथे ती जवळ असते : 'तेंगो आम्ब्रे'. वयही जवळ असतं, 'तेंगो दिएसिओचो आन्योस', म्हणजे मी अठरा वर्षांचा. त्या 'आन्योस'मधला न्य नीट म्हणा. नुसता न केला तर शरीराच्या भलत्याच भागाचं नाव होतं.

सदरकर : आणि आपलं 'करून राहिलो'! पुण्याचे लोक हसतात, पण 'मी जेवून राहिलो' आणि 'एस्तोय कोमियेन्दो' यांचा सांगाडा एकच. 'एस्तोय'चं मूळ क्रियापद 'एस्तार', तो लॅटिनच्या 'स्तारे'वरून आला, अर्थ उभं राहणं. संस्कृतातल्या 'स्था'चाच भाऊबंद तो.

धंतोलीकर : सांगाडा एक, पण वापर नाही. आपण 'उद्या पुण्याला जाऊन राहिलो' म्हणतो. तिकडे 'मान्याना एस्तोय येन्दो' चालत नाही, साधं 'मान्याना वोय' म्हणायचं. हे रूप फक्त आत्ता हाती असलेल्या कामासाठी राखून ठेवा.

'आहे'साठी तिथे दोन क्रियापदं, सेर आणि एस्तार. कायमचं ते सेर, तात्पुरतं ते एस्तार, हा नियम जिथे तिथे शिकवतात आणि तो पहिल्याच दिवशी मोडतो. नागपूर भारतात आहे हे काही तात्पुरतं नाही, तरी 'नागपूर एस्ता एन ला इन्दिया'. मेलेला माणूसही 'एस्ता मुएर्तो'. त्यापेक्षा असं धरा : वस्तू किंवा माणूस कुठे आहे आणि कोणत्या अवस्थेत आहे ते एस्तार, कोण आहे आणि कसल्या प्रकारचं आहे ते सेर. कार्यक्रमाची जागा मात्र सेरने सांगतात. 'एस लिस्तो' म्हणजे हुशार आहे, 'एस्ता लिस्तो' म्हणजे तयार आहे. 'एस आबुर्रीदो' कंटाळवाणा, 'एस्ता आबुर्रीदो' कंटाळलेला. या दोन जोड्या भिंतीवर लावल्या तरी पुष्कळ काम होतं.

महालवाले : उच्चारात आपण इंग्रजीवाल्यांच्या पुढे आहोत, पण मुलं ते वाया घालवतात. तिथले त, द दातांचेच आहेत. 'टाको' नाही, 'ताको'. प, त, क यांत ह मिसळायचा नाही. साधा र आपलाच, दुहेरी मात्र घोळवायचा : 'पेरो' म्हणजे पण, 'पेर्रो' म्हणजे कुत्रा.

खरी खोट अक्षरावर जोर देण्यात आहे. मराठीत शब्दाच्या कोणत्या अक्षरावर जोर दिला याने अर्थ बदलत नाही, म्हणून कान तिकडे जातच नाही. स्पॅनिशमध्ये 'आब्लो'च्या पहिल्या अक्षरावर जोर दिला तर 'मी बोलतो', दुसऱ्यावर दिला तर 'तो बोलला'. 'पापा'चं तसंच : पहिल्यावर जोर म्हणजे लॅटिन अमेरिकेत आलू, शेवटच्यावर म्हणजे वडील. नियम एका ओळीचा : शब्दाच्या शेवटी स्वर, न किंवा स असेल तर उपान्त्य अक्षरावर जोर, नाहीतर शेवटच्या. याला अपवाद असेल तिथे स्वरावर तिरपी रेघ दिलेलीच असते. रेघेकडे बोट ठेवून रोज दहा मिनिटं मोठ्याने वाचायचं.

खामलेकर : आलूवरून आठवलं. मराठीत 'बटाटा' पोर्तुगीजांकडून आला. स्पेनमध्ये किंवा अर्जेंटिनात 'बाताता' मागितलं तर रताळं हाती येतं. बटाट्याला स्पेनमध्ये 'पाताता', लॅटिन अमेरिकेत 'पापा'. आलूबोंडा खाणाऱ्याला हा धोका कमी, मुंबईकराने जपावं. 'पगार' मात्र कामी येतो, 'पागार' म्हणजे पैसे देणं.

गोकुळपेठकर : तू-तुम्हीचं काय?

धंतोलीकर : 'तू' तर तूच आहे, उच्चारासकट. पण सुरुवात 'उस्तेद'ने, म्हणजे तुम्हीने, करावी, समोरचा स्वतः तूवर ये म्हणेपर्यंत. स्पेनमध्ये तो लवकर म्हणतो. बोगोटाकडे घरातल्या घरातही उस्तेद ऐकू येतं, त्याने दुरावा धरू नये. अर्जेंटिनात तूच्या जागी 'वोस', आणि क्रियापदही बदलतं : 'तिएनेस'चं 'तेनेस', जोर शेवटी. ग्वाटेमालात यजमानबाईला 'दोन्या' आणि पुढे पहिलं नाव. आडनावाला दोन्या लागत नाही.

'कोखेर' हा शब्द स्पेनमध्ये बस पकडण्यासाठी दिवसभर वापरतात. मेक्सिको आणि अर्जेंटिनात तो अश्लील आहे. सगळीकडे 'तोमार' (घेणे) वापरलं की प्रश्न मिटतो. आणि मेक्सिकोत 'आओरीता' म्हणजे 'आत्ताच', पण आपल्या 'आलोच जी'इतकंच आत्ताच.

सदरकर : स्पेनला जाणार असतील तर व्हिसाची एक ओळ टाका. पर्यटक म्हणून शेंगेन देशांत (एकाच व्हिसावर फिरता येणारे युरोपातले देश, स्पेन त्यात आहे) कोणत्याही 180 दिवसांत 90 दिवसच राहता येतं. वर्षभरासाठी विद्यार्थी व्हिसा इथूनच काढून जायचा.

महालवाले : आता 'गॅप इयर'. स्पॅनिशमध्ये 'आन्यो साबातिको'. आपल्याकडे 'ड्रॉप' म्हणाल तर नीट-जेईई पुन्हा देतोय असं सगळे समजतील, तो शब्द टाळा. कागदोपत्री 'शिक्षणातील खंड' रूढ आहे, म्हणून 'खंड-वर्ष' चालेल. परत येऊन पदवीला प्रवेश घेताना खंडाचं प्रतिज्ञापत्र मागतात. त्यात त्या काळात दुसरीकडे प्रवेश घेतला नव्हता असं वाक्य सहसा असतं, आणि इथे मुलगा तर भाषाशाळेत होता. तेव्हा ते वाक्य तसंच न उतरवता 'कोणत्याही पदवी अभ्यासक्रमास प्रवेश घेतला नव्हता, विदेशी भाषेचा अभ्यास केला' असं लिहून घ्यावं, आणि शाळेचं तास नोंदवलेलं प्रमाणपत्र सोबत जोडावं. ते तिथून निघण्याआधीच मागून घ्यायचं.