अहवालात नेट झिरो, असोसिएशनच्या निवेदनात ‘नियम पुढे ढकला’. जबाबदार लॉबिंग म्हणजे नेमकं काय?

भट्टीकाठी
मी एका मोठ्या स्टील प्लँटच्या पर्यावरण विभागात काम करते, कंपनीचं नाव सांगू शकत नाही. उत्सर्जनाच्या नव्या मर्यादांचा मसुदा हरकती-सूचनांसाठी आलाय, त्यावर आमच्या उद्योगाची असोसिएशन निवेदन देणार आहे आणि त्यातला तांत्रिक भाग लिहून द्यायचं काम माझ्याकडे आलंय. मागणी सरळ आहे, मर्यादा सैल करा आणि अंमलबजावणी काही वर्षं पुढे ढकला. आता आमच्याच वार्षिक अहवालात २०५० पर्यंत नेट झिरोचं, म्हणजे निव्वळ कार्बन उत्सर्जन शून्यावर आणायचं, अख्खं पान आहे, त्याचे आकडेही मीच काढलेत. म्हणजे दोन्ही कागद माझ्या हातचे आणि दोन्ही एकमेकांच्या विरुद्ध. वरिष्ठ म्हणाले, अगं आपली बाजू मांडणं म्हणजेच लॉबिंग, सगळेच करतात. ते थोडं पटतं पण, कारण मसुद्यात काही ठिकाणी मोजमापाची पद्धत खरंच चुकीची धरलीय. मग जबाबदार लॉबिंग कशाला म्हणायचं, त्याची काही कसोटी आहे का?

क्लिंकर
लॉबिंग मुळातच वाईट असं मला वाटत नाही. मी सिमेंटमधला माणूस, आमच्याकडे जो कार्बन डायऑक्साइड निघतो त्यातला साधारण ६० टक्के इंधनाचा नसतोच, चुनखडी तापवली की दगडातूनच सुटतो, म्हणजे कोळसा पूर्ण बंद केला तरी तेवढा राहणारच. हे नियम लिहिणाऱ्याला कुणीतरी सांगायलाच हवं, नाहीतर तो ‘इंधन बदला’ लिहून मोकळा होतो आणि क्लिंकरचं (चुनखडी भाजून होणारा सिमेंटचा मुख्य घटक) प्रमाण कमी करणं, मिश्र सिमेंटला बांधकामाच्या मानकांत जागा देणं हे जे खरोखर उपयोगी आहे ते बाजूलाच राहतं. त्यामुळे मोजमाप चुकलंय तर ते जरूर लिहा, बिनधास्त लिहा. फक्त अडचण सांगून थांबू नका, मग काय जमेल आणि कधीपर्यंत तेही लिहा. आणि खर्चाचा आकडा दिलात तर त्यामागचं गणित जोडा. अमेरिकेत १९९० च्या कायद्याने वीजकेंद्रांच्या सल्फर डायऑक्साइडवर मर्यादा आली तेव्हा उद्योगाने आधी जो खर्च सांगितला होता त्यापेक्षा प्रत्यक्षातला बराच कमी निघाला. असं झालं की पुढच्या वेळी खरी अडचण सांगणाऱ्यावरही कुणी विश्वास ठेवत नाही.

ताळेबंद
माझ्या मते सगळं असोसिएशनपाशीच अडतं. कंपनी स्वतःच्या नावाने छान बोलते आणि नको ते काम वर्गणी भरून असोसिएशनकडून करून घेते, पत्राखाली कंपनीची सही नसतेच. हे जुनंच आहे, १९८९ मध्ये ग्लोबल क्लायमेट कोएलिशन निघाली ती अशीच, तेल, कोळसा, मोटारी सगळे आत, हवामान करारांना विरोध करायला. बीपी १९९७ मध्ये बाहेर पडली, मग शेल, मग फोर्ड, आणि २००२ मध्ये ती कोएलिशनच बंद झाली. अलीकडचं म्हणाल तर बीएचपी या खाण कंपनीने २०१७ मध्ये शेअरहोल्डरांच्या दबावानंतर आपण कुठल्या संघटनांत आहोत आणि त्यांची मतं आपल्याशी जुळतात का हे तपासून जाहीर केलं, मग वर्ल्ड कोल असोसिएशन सोडली. कसोटी विचारलीत ना, २०२२ मध्ये गुंतवणूकदारांनी मिळून क्लायमेट लॉबिंगसाठी एक जागतिक मानक काढलंय, त्यात १४ निकष आहेत. सार एवढंच की कंपनीचं थेट लॉबिंग आणि असोसिएशनचं लॉबिंग दोन्ही उघड करा, दोन्ही पॅरिस कराराशी ताडून बघा, जुळत नसेल तर काय करणार ते सांगा.

ओतकाम
पण त्याच बीएचपीने मिनरल्स कौन्सिल ऑफ ऑस्ट्रेलिया ही तिथली खाण उद्योगाची संघटना सोडली नाही, मतभेद असूनही आत राहिली, आणि मला ते चुकीचं वाटत नाही. चांगल्या कंपन्या बाहेर पडल्या की आत उरतात ते सगळ्यात मागे राहिलेले आणि मग असोसिएशन आणखीनच कडक विरोध करते. आत राहून लेखी असहमती नोंदवा.

ताई, दुसरं एक महत्त्वाचं. ‘काही वर्षं पुढे ढकला’ हे ऐकायला लहान वाटतं पण ब्लास्ट फर्नेसचं, म्हणजे कोळशावर लोखंड वितळवणाऱ्या भट्टीचं, आतलं विटांचं अस्तर साधारण १५ ते २० वर्षांनी बदलतात, त्या मुदतीत तुमच्या भट्टीचं अस्तर बदलायला आलं तर कंपनी तीच भट्टी नव्याने उभी करणार आणि स्टीलच्या टनामागे दोन टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड पुढची दीड-दोन दशकं चालूच. म्हणजे मुदत चार वर्षांची मागितली तरी परिणाम वीस वर्षांचा. हे निवेदनात कुठेच दिसत नाही. उलट स्वस्त स्वच्छ वीज मागा, भंगार गोळा करायची व्यवस्था मागा, सरकारी बांधकामात कमी कार्बनचं स्टील आधी घ्या म्हणा. युरोपात आयात मालावर कार्बनचा आकार लावायचं सीबॅम स्पर्धेच्या भीतीवर उपाय म्हणूनच आलं ना, तिथल्या उत्पादकाला फुकट मिळणारे कार्बन सोडायचे परवाने २०२६ पासून कमी होत २०३४ पर्यंत संपणार आणि बाहेरच्यालाही तोच भार. स्पर्धेची भीती खरी आहे, पण त्यावर नियम सैल करण्यापलीकडेही उपाय असतात.

कुंपणापलीकडे
सगळे कार्बनवरच बोलताय. मी अशाच एका प्लँटच्या शेजारी राहतो, आम्हाला आधी धूळ लागते, सल्फर लागतो, रात्री फिल्टर बंद ठेवले तर सकाळी वाळत घातलेल्या कपड्यांवर दिसतं. मसुदा शेकडो पानांचा, भाषा आम्हाला कळेल अशी नाही, आणि हरकतींची मुदत संपेपर्यंत कुणी सांगत नाही. कंपनीकडे तुमच्यासारखी शिकलेली माणसं आहेत लिहायला, आमच्याकडे कोण आहे? जबाबदार म्हणायचं असेल तर असोसिएशनने जे पाठवलं ते प्लँटच्या गेटवर आमच्या भाषेत लावा, मोजमापांसकट. मग आम्हीही त्यावर लिहू शकतो.

भट्टीकाठी
अस्तराचं मी त्या मुदतीशी जोडून पाहिलंच नव्हतं, आमच्या एका भट्टीचं काम त्याच काळात येतंय. मोजमापाच्या चुका मी पूर्ण पुराव्यासकट लिहून देणार आहे, मुदतवाढीच्या भागासाठी आकडे मागितले तर अस्तराचा हिशोबही सोबत जोडेन आणि तो काढू नका असं मेलवर लेखी कळवेन. @कुंपणापलीकडे, गेटवर लावायचं माझ्या अधिकारात नाही, पण आमच्या स्टॅकचे (धुराड्याचे) रोजचे आकडे जाहीर करायचा प्रस्ताव याच आठवड्यात वर पाठवते. @ताळेबंद, त्या १४ निकषांपैकी असोसिएशनबद्दलचे कुठले ते जरा सविस्तर लिहाल का, मिटिंगला घेऊन जाते.